शहामृगाचा सत्कार

शनिवार, सकाळचे साडेअकरा. मुखेड, शाळेचं मैदान. मंडपात पोरं घामेजलेली, बांबूच्या कुंपणात शाळेनं दाखवायला आणलेला एक शहामृग उभा आणि प्रमुख पाहुण्यांचा, मल्लिकार्जुनरावांचा, पत्ता नाही. आता मला सांगा पोरहो, शहामृग देगलूरहून वेळेवर येतो, आणि मल्लिकार्जुनरावांना गावातल्या गावात उशीर होतो? तीस वर्षं बातमीदारी करून राहिलो मी, आजवर एकाही जनावरानं मला ताटकळत ठेवलेलं नाही... असो. तुम्ही नायगावची पोरं, तुम्हाला मुद्दाम सांगायला आलोय, कारण पेपरात जे छापून आलं ते खोटं आहे. आणि बातमी म्हणजे काय? डोळ्यांनी पाहिलेलं.

तर पाहुणे आले एकदाचे. मग सत्कार. आपल्याकडं सत्कार झाल्याशिवाय ज्ञान सुरू होत नाही. पाहुण्यांना फेटा, शाल, नारळ; मग अध्यक्षांना, मग मंडपवाल्याला. एक शाल उरली. हेडमास्तर शेषेराव म्हणाले, "उरलेली शाल घरी न्यायची नसते. पाहुण्याला घाला." मी म्हटलं, "कोणत्या पाहुण्याला?" तर म्हणतात, "परगावचा हाय की हा, कुंपणातला."

घातली हो! मल्लिकार्जुनराव खुर्चीवर चढले तरी शहामृगाचं डोकं वरच, म्हणून पाठीवर टाकली. त्याचं लक्ष शालीकडं नव्हतंच. ताटातल्या सुपाऱ्यांवर होतं. डोळा केवढा त्याचा, त्याच्याच मेंदूपेक्षा मोठा! मान खाली आली, तीन सुपाऱ्या गट्टम, आणि त्या लांबलचक मानेतून एकेक सुपारी खाली उतरताना आम्ही सगळ्यांनी पाहिली.

पहिल्या रांगेतली शिवगंगा उठली. "सर, त्याला दात कुठं हायत? चावणार कसा?"

शेषेराव म्हणाले, "गप बस गं, भाषण व्हायचंय."

का गप बसायचं? मी उभा राहिलो आणि सांगितलं. शहामृग बारीक दगड गिळतो, ते पोटात राहतात, आणि खाल्लेलं तिथं जात्यासारखं दळलं जातं. शेषेराव म्हणाले, "साहेब, तुम्ही लिहायचं, बोलायचं पाहुण्यांनी."

मग पाहुणे बोलले. "विद्यार्थ्यांनो, या भित्र्या पक्ष्यासारखे होऊ नका. संकट दिसलं की हा वाळूत डोकं खुपसतो..." मी पुन्हा उभा. म्हटलं, खोटं. मातीत खड्डा करून हा अंडी ठेवतो, ती चोचीनं फिरवायला मान खाली घालतो, लांबून पाहणाऱ्याला वाटतं डोकं पुरलंय. तुम्ही पाहिलंय का डोळ्यांनी? मल्लिकार्जुनराव म्हणाले, "हे सगळ्या जगाला माहीत हाय हो." जगाला! बातमी म्हणजे जगाला माहीत असलेलं नव्हे, डोळ्यांनी पाहिलेलं.

आणि तेवढ्यात वैजनाथ आला. पाहुणे आले की फटाक्यांची लड लावायची, एवढंच काम त्याच्याकडं, आणि वाट पाहून पाहून तो चहाला गेलेला. परत आला, पाहुणे दिसले, लावली लड.

आता पाहा. घोडा लाथ मारतो मागं, शहामृग मारतो पुढं. पायाला बोटं दोनच, पण त्यातल्या एकाचं नख खुरप्यासारखं. एका लाथेत बांबू आडवा. मग जो पळाला... एक ढांग म्हणजे ह्या दारापासून त्या फळ्यापर्यंत. मनात आणलं तर ताशी सत्तर किलोमीटर. मला बघायलाही जमेना, नुसती शाल दिसत होती. वळताना एक पंख उघडायचा, नावेच्या सुकाणूसारखा, की वळला. उडता येत नाही म्हणून पंख बिनकामाचे म्हणणाऱ्यांनी यावं मुखेडला. वैजनाथ मोटारसायकल घेऊन मागं लागला, पहिल्याच वळणावर घसरला. शहामृग नाही घसरला.

शेवटी मालक मडिवाळप्पानं खाली पडलेला एक फेटा उचलला, दाणे दाखवून त्याला जवळ बोलावलं आणि डोळ्यांवर टाकला. डोळे झाकले की हा गडी गप उभा राहतो.

फेटा कुणाचा? मल्लिकार्जुनरावांचा. आणि मल्लिकार्जुनराव कुठं? टेबलाखाली. डोकं टेबलक्लॉथच्या आत, बाकी सगळं अंग बाहेर. मी फोटो काढला, मागं शहामृगही आला. शिवगंगा म्हणाली, "सर, यांनीच खुपसलं की." शेषेरावांनी या वेळी तिला गप बस म्हटलं नाही.

संध्याकाळी बातमी पाठवली. शहामृग डोकं खुपसत नाही, हे पहिलंच वाक्य. रविवारी पेपर उघडला. ठळक मथळा: 'शहामृगासारखे डोके खुपसू नका: मल्लिकार्जुनराव'. खाली माझं नाव. फोटोही माझाच, फक्त टेबलाकडची बाजू कापलेली, उरला नुसता शहामृग.

नांदेडला पेपरच्या डेस्कवर, जिथं पानं लागतात तिथं, रविकिरणला फोन केला. म्हणतो, "दादा, माझ्याकडं पान आलं तवा असंच होतं." त्याच्या वरच्याला विचारलं, तो म्हणाला रविकिरणला विचारा. त्या दिवसापासून मी शाळाशाळांत फिरून राहिलोय, आणि रोज दुपारी डेस्कला फोन करून राहिलोय. शहामृगाच्या पोटातल्या तीन सुपाऱ्यांचा हिशोब लागला, मडिवाळप्पा म्हणतो तब्येत झकास हाय. पण माझ्या नावावर तो मथळा कुणी दिला, ते अजून कुणी सांगितलेलं नाही. दुपारी माझ्या फोनची घंटी वाजते, आणि तिकडं डेस्कवर सगळ्यांची डोकी खाली.