रांगोळीत सांडलेला दगड

सन दोन हजार तेवीस, ऐन दिवाळी. पुण्याच्या प्रयोगशाळेत दगडातलं हलकं आणि जड मॅग्नेशियम मोजणारी माझी नात प्रज्ञा आमच्या गावी, मेडशीला आली होती. तिनं आमच्या शेताच्या धुऱ्यावरच्या काळ्या दगडाचा तुकडा खलात कुटून एकच पीठ दोन बाटल्यांत भरलं. एक तिच्या यंत्रासाठी, दुसरी बंगळुरूच्या प्रयोगशाळेसाठी. आकडे जुळले तरच तिचं यंत्र खरं ठरणार होतं.

तिची बाटली माझ्या हातून अंगणातल्या रांगोळीवर सांडली. मी सगळं झाडून परत भरलं. माझ्या हातून काही सांडत नसतं, म्हणून बोललो नाही.

महिन्यानं तिचा फोन आला. "आबा, आकडे जुळूनच नाही राह्यले. सर म्हणतात, यंत्र बंद करा."

"बंगळुरूवाले चुकले असतील."

बायको मागून म्हणाली, "रांगोळीचं काहून नाही सांगत तिले?"

सांगावं लागलं. नातीचं हसणं थांबेना. "आबा, रांगोळीच्या दगडात मॅग्नेशियमच भरलेलं राह्यते."

दुसऱ्या दिवशी मी त्याच दगडाचा आणखी एक तुकडा फोडला आणि एसटीनं जाऊन तिच्या टेबलावर ठेवला. नव्या पिठाचे दोन्हीकडचे आकडे जुळले. नातीचा एक दगड माझ्याकडे लागत होता, तो फिटला.