डुकराकडनं वसुली

सयाजी : मरीन, पण डुकराचे उपकार घेणार न्हाय!

डॉ. स्नेहल : उपकार कसले, काका? नळीतून तुमचं रक्त मशीनमध्ये जाईल. तिथं डुकराच्या लिव्हरच्या जिवंत पेशी त्यातलं विष काढतील. मध्ये पडदा आहे, पेशी तुमच्या अंगात शिरत नाहीत.

सयाजी : डुकरं माझ्या उसात शिरत्यातच की. तिथं कुठला पडदा?

डॉ. स्नेहल : मावशी, यांच्या पोटात विष गेलं तरी कसं?

बनाबाई : डुकरं ऊस पाडत्यात म्हणून ह्यांनी गुळात उंदराचं औषध कालवलं. हातानं. आन् त्याच हातावर तंबाखू मळून खाल्ली.

डॉ. स्नेहल : आणि डुकरं?

बनाबाई : हुंगून निघून गेली.

सयाजी : हसून! मी बघितलंय. ते मशीनमधलं कुठलं? आमच्या कागलचं?

डॉ. स्नेहल : नाही हो. प्रयोगशाळेत वाढवलेलं, पांढरं. त्यानं ऊस पाहिलासुद्धा नाही.

सयाजी : भावकीतलंच की मग.

डॉ. स्नेहल : काका, हे मशीन फक्त तुमचं लिव्हर सावरेपर्यंत, नाहीतर दुसरं मिळेपर्यंत. उपचार अजून चाचणीतला आहे, खात्री देत नाही. पण दुसरं काही हातात नाही. हो म्हणा.

सयाजी : न्हाय.

बनाबाई : मग मरा. तुमच्या बाराव्याला डुकरंच येतील जेवाय. उसातच पंगत बसवते.

सयाजी : बने, तू कुणाच्या बाजूची हायस?

बनाबाई : आवो, डोस्कं चालवा! आजवर आपण राबलो, त्यांनी खाल्लं. आता ते राबंल, तुम्ही पडून ऱ्हावा.

सयाजी : ...बाई, त्या पेशींना सुट्टी असती?

डॉ. स्नेहल : नाही. दिवसरात्र काम. ऑक्सिजन आणि साखर देतो फक्त.

सयाजी : साखर? तिथंबी साखरच?

बनाबाई : गप बसा. साखरंचं सोडा, पुढं इचारा.

सयाजी : म्हंजे माझ्या रक्तातलं विष... शेवटी डुकराच्याच वाट्याला जाणार?

डॉ. स्नेहल : एका अर्थी, हो.

सयाजी : हुंगून सोडता येणार न्हाय?

डॉ. स्नेहल : त्यांना नाक नाही, काका.

सयाजी : लावा. आत्ता लावा!

(नळ्या जोडल्या जातात. मशीन सुरू होतं.)

बनाबाई : बाई, झोपले का हे?

डॉ. स्नेहल : गुंगीत आहेत. ऐकू नाही येणार.

बनाबाई : मग सांगते. सगळा ऊस खाऊ दे डुकरांनी. कुंपण मी माझ्या हातानं काढते. ह्यांना तेवढं राखा.