ओबादाया क्रिम यांच्या उजव्या हाताची हकिकत

सभेचे अध्यक्ष न्यायाधीश हार्ग्रेव्ह, व्यासपीठावरील आदरणीय पाद्रीबाबा, केंटकीच्या या खोऱ्यातल्या माता-भगिनींनो, शेजाऱ्यांनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आपले मीठवाले ओबादाया क्रिम,

निरोपाचे दोन शब्द कप्तानानं बोलावेत, असं ठरलं. मी बंदुकीचा माणूस, तेव्हा सांभाळून घ्या.

या मुलखाची गोष्ट उद्या कुणी लिहिलीच, तर त्यात कोट बांधणारे येतील, कदाचित मीही येईन. मीठ उकळणाऱ्याला कोण विचारतो? पण त्यांच्या मिठाशिवाय कुणाच्या घरचं मांस हिवाळाभर टिकलं? आणि आपण त्यांना काय म्हणत आलो? 'अर्धा शॉनी.' लहानपणी चार वर्षं इथल्या शॉनी आदिवासींच्या कैदेत काढली, त्यांची भाषा शिकले, एवढाच गुन्हा. प्रार्थनेला कायम शेवटचं बाक.

त्यांचा उजवा हात मिठाच्या कढईखाली चिरडला, हे आपण अकरा वर्षं ऐकतोय. ते खोटं आहे.

नाही क्रिम, मान हलवू नका. आज बोलू द्या.

पाद्रीबाबांची डॉर्कस, तेव्हा चार वर्षांची, जंगलात हरवली होती. तिसऱ्या सकाळी सगळे तिला शोधायला गेलेले. फाटकावर मी आणि क्रिम, दोघंच. धुक्यातून एक शॉनी माणूस येताना दिसला. छातीशी घोंगडीत काहीतरी गुंडाळलेलं. मी बंदूक उचलली.

"कप्तान, थांबा. तो हाक मारतोय."

"काय म्हणतोय?"

"पोर आणलंय म्हणतोय."

"अर्ध्या शॉनीचं ऐकून गाव मरू देऊ का?" असं म्हणून मी चाप ओढला.

त्याच क्षणी क्रिम यांनी नळीच्या तोंडावर हात घालून ती खाली दाबली. गोळी त्यांच्या मनगटातून आरपार जमिनीत गेली.

त्या माणसाला लागली असती, तर शॉनींच्या सूडातून आपल्या गावातली किती घरं आज उभी असती? क्रिम यांनी रक्तबंबाळ हातानंच फाटक उघडलं, डाव्या हातानं डॉर्कसला घेतलं, त्या माणसाशी काही बोलले. तो माझ्याकडे बघत राहिला, मग निघून गेला.

"काय सांगितलंत त्याला?" मी विचारलं.

"आमची बंदूक जुनी आहे, आपोआप उडते." मग म्हणाले, "गावात कढई पडली म्हणून सांगा. कप्तानावरचा भरवसा उडाला, तर हिवाळ्याआधी निम्मं गाव पळेल." आणि दात आवळून हसले, "एवढ्या जवळून नेम चुकला असता, तर मात्र तुमची कीव आली असती."

आठव्या दिवशी हात कापावा लागला. त्यांना धरून ठेवणारा मीच होतो. त्याच हिवाळ्यात, डॉर्कसला सुखरूप आणल्याबद्दल तुम्ही मला तलवार दिलीत. मी ती घेतली.

उद्या क्रिम मिसिसिपीपलीकडे पुतणीकडे निघतील. आज बोललो नसतो, तर मग खरं जाणणारा इथे मी एकटाच उरलो असतो, आणि माझा मला भरवसा नाही.

अध्यक्षांचे आणि इतका वेळ शांतपणे ऐकणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार. बोलण्यात काही चुकलं असेल, तर सभेनं पोटात घालावं. त्या सकाळी जे चुकलं, ते मात्र सभेनं पोटात घालायचं नाही. तो अधिकार एकाच माणसाचा आहे, आणि अकरा वर्षांत मी त्याची माफी मागितलेली नाही.

क्रिम, आता मागतो.