छप्पर जागच्या जागी

...अहो, चिडू नको तर काय करू? पोरीला बघायला माणसं यायची होती, आणि माझ्या घराचं दार उरलं होतं माझ्या खांद्याएवढं! तुम्हाला सांगते, आमच्या डेमाकच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी घरात शिरतं, म्हणून भराव घालून घरातली जमीन वर घ्यायची. दहा वर्षांत तीनदा घेतली. समुद्र चढतो, जमीन चढते, छप्पर मात्र जागच्या जागी.

त्यात त्याच आठवड्यात शहरातून एक साहेब आला. कमरेत वाकून आत शिरला नि म्हणतो कसा, "मावशी, पृथ्वीभोवती हवेची गोधडी असते. धुरानं ती जाड झाली, ऊब आत अडकली, बर्फ वितळलं, म्हणून समुद्र चढतोय. तुम्हीपण जरा धूर कमी करा." मी? माझ्याकडे एक चूल नि एक पंखा... तोही ह्यांनी काढून टाकला, डोक्याला लागायला लागला म्हणून! गोधडी शिवली कुणी आणि घाम कुणाला? विचारलं तसं तोंडावर. त्यानं वहीत लिहून घेतलं.

असो. आमच्या निकमाहसाठी स्थळ होतं डोंगरातल्या वोनोसोबोचं, मुलगा मास्तर. हातचं गेलं असतं तर पोर जन्मभर या चिखलात. आमचे हे, मस्कुरी, म्हणाले, "खरं सांगून टाकू, घर बुडतंय." म्हटलं, "तुम्ही गप्प बसा."

आली माणसं. आता आमच्यात वडीलधाऱ्यांसमोर वाकून चालायची रीत. दारात हे वाकलेले, आत मी वाकलेली, चहा घेऊन निकमाह वाकलेली. व्याही भारावले, "काय हो हे संस्कार!" आणि आमच्याहून खाली वाकले. मग आम्ही मागे राहतोय होय? आणखी वाकलो. चटईवर बसल्यावरसुद्धा मान वर करायला कुणी तयार नाही. छप्पर कुणी पाहिलंच नाही.

जमलं लग्न. आता पोर उंच दाराच्या घरात राहते, आणि अजून प्रत्येक दारात वाकते. सासू गावभर सांगते, "सुनेचं वळण बघा." मला रडू येतं हो. तिची पाठ सरळ व्हावी म्हणून तर तिकडे दिली होती.

परवा व्याह्यांचा फोन, "ईदला सगळे तुमच्याकडे येतोय." आता नाही कसं म्हणू? समुद्र चढला, जमीन पुन्हा वीतभर चढवली, छप्पर जागच्या जागी... आमचे हे सकाळपासून घरात गुडघ्यांवर चालायची सवय करतायत. यंदा संस्कार जरा जास्तच होणार आहेत.