बूट, एक नग

— नाही नाही, हात काढू नका, गाठ अजून बसायची आहे. बोट धरा इथे. हं, आता सोडा. आणि तो फॉर्म आधी इकडे द्या बघू. काय म्हणाले तुम्हाला समोरच्या खिडकीवर? ‘विमा उतरवा आणि निर्धास्त व्हा’? म्हणणारच. मी स्वतः बावीस वर्षं तेच म्हणत होते — त्याच पार्सल ऑफिसात, त्याच खिडकीमागे, नुकसानभरपाईच्या टेबलावर. हो, हीच मी, जी आता रस्त्याच्या अलीकडे बसून तुमच्या खोक्याला सुतळी बांधते आहे. हसू नका. म्हणजे हसा, पण खोका हलवू नका.

तर घ्यायचा का विमा? आता हा तुमचा काचेचा दिवा — बहिणीच्या नव्या घरासाठी, दुकानात असे आणखी दहा टांगलेले आहेत, बरोबर? मग घ्या. डोळे मिटून घ्या. फुटला तर बिल दाखवायचं, पैसे घ्यायचे, दुसरा आणायचा, बहिणीला पत्ताही लागणार नाही. बिल जपून ठेवा, खोका बंद करायच्या आधी फोटो काढा — काढलात? शहाणे आहात — आणि आत कागद गच्च कोंबलाय हे मी सांगते, कारण ‘पॅकिंग अपुरे’ हा शिक्का मी इतक्या अर्जांवर मारलाय की संध्याकाळी मनगट दुखायचं. आणि हे बघा, पत्त्याची एक चिठ्ठी आतसुद्धा टाकली आहे. बाहेरचं लेबल फाटलं तर आतलं बोलतं. हे कुणी सांगत नाही. मी सांगते. फुकट सांगते.

पण ‘निर्धास्त व्हा’ ऐकलं की माझं डोकं फिरतं. अहो, विमा किमतीचा असतो. वस्तू गेली की गेली, ती शोधायला विमा येत नाही. उलट पैसे मिळाले की शोध थांबतो — माहीत आहे तुम्हाला? नाही ना? खिडकीवर सांगत नाहीत. तुम्ही भरपाईच्या कागदावर सही केलीत की ती वस्तू ऑफिसची. उद्या सापडली तरी तुमची नाही, लिलावात जाते. छापलेलं असतं सगळं, मागच्या बाजूला, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात. आणि मी हे एकाला तोंडावर सांगितलं म्हणून — बरं, जाऊ दे. चिकटपट्टी द्या ती.

जाऊ दे कशाला, सांगतेच. लाजायचं काय त्यात? पायवाले आजोबा म्हणायचो आम्ही त्यांना. लाकडाचे आणि चामड्याचे पाय करायचे — ज्यांना पाय नसतो त्यांच्यासाठी. सगळा जन्म त्यात घालवला, म्हातारपणी दुकान बंद केलं, गिऱ्हाईक एकच ठेवलं — नात. मुलीची मुलगी, आठ वर्षांची, डावा पाय गुडघ्याखाली जन्मापासूनच नाही. ती आईबापांबरोबर राहायची दिवसभराच्या बसच्या वाटेवर. सुट्टीत आली तेव्हा आजोबांनी माप घेतलं, पुढे दोन महिने खपून पाय केला, आणि पाठवला पार्सलने. विमा उतरवून हं! खिडकीवर कारकुनाने विचारलं, किंमत किती? आजोबा म्हणाले, किंमत कसली, मी केलाय. मग कारकुनानेच मनाने एक आकडा टाकला. चांगला भक्कम टाकला, त्याला दोष नाही. आणि पार्सल गडप झालं.

इकडे पोरगी वाढत्या वयाची. जुना पाय आखूड पडायला लागलेला, टोचायचा, म्हणून काढून ठेवला, आणि काखेत कुबडी. एक महिना, दोन महिने. आजोबांचा अर्ज माझ्या टेबलावर. मोठे साहेब म्हणाले, मंजूर करा, विमा आहे, पैसे द्या, फाइल मिटवा. आजोबा आले, मी कागद पुढे केला, म्हटलं इथे सही करा. ते म्हणाले, “बाई, पैसे नकोत. पाय शोधा.” आता आमच्या फॉर्मवर ‘पैसे मिळाले’ला रकाना आहे, ‘अर्ज फेटाळला’ला रकाना आहे, ‘शोधा’ला रकानाच नाही! म्हटलं, आजोबा, दुसरा करा की. तर त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले — पंजे उघडे करून, असे — आणि ते थरथरत होते. शेवटचा होता तो. तेव्हा मी मान खाली घालून हळूच सांगितलं, “मग सही करू नका. केलीत तर शोध बंद.” सांगितलं की नाही? सांगितलं! नियम त्यांचाच, छापलेला त्यांनीच, मी फक्त वाचून दाखवला. त्यावर मोठे साहेब असे भडकले की काचेपलीकडे रांगेतल्या लोकांनी माना वर केल्या.

आजोबा दर सोमवारी यायचे. बाकावर बसायचे, दुपारी उठून जायचे. साहेबांना ते बघवेना — दया म्हणून नव्हे हो, फाइल उघडी राहते म्हणून. आणि मग मीच एक दिवस पदर खोचला. बेवारस मालाचं गोदाम असतं मागे, लेबलं फाटलेला सगळा माल तिथे जातो — तीन रविवार उपसलं मी ते गोदाम, एकटीने. धुळीने डोळे सुजले. आणि सापडला. कुठे, सांगू? चपला-बुटांच्या कपाटात! कारण आजोबांनी पायाला बूट घातलेला, तपकिरी, पोरीच्या दुसऱ्या बुटाच्या जोडीचा, नाडीसुद्धा बांधलेली. गुंडाळलेल्या कागदातून बुटाचं टोक बाहेर आलेलं, म्हणून कुणीतरी रजिस्टरात लिहून टाकलं — ‘बूट, एक नग’.

आता रीतीने जायचं तर सापडलेल्या मालाचा अहवाल करायचा, तो समितीकडे पाठवायचा, समिती तीन महिन्यांनी बसणार, चहा पिणार, पुढची तारीख देणार. आणि पोरगी तिकडे रोज वाढतेय. मी काय केलं? पाय कापडी पिशवीत घातला आणि सरळ दारातून बाहेर पडले. दारावरच्याने विचारलं, काय आहे पिशवीत? म्हटलं, पाय. तो हसला आणि म्हणाला, जा. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या बसने निघाले. पाय मांडीवर. शेजारची बाई दिवसभर त्या बुटाकडे बघत होती, विचारायचा धीर होईना तिला.

चौकशी लावली त्यांनी माझ्यावर. चोरी म्हणे! तीन साहेब ओळीने बसलेले. म्हणाले, ‘चूक झाली’ एवढं लिहून द्या, समज देऊन सोडतो. मी म्हटलं, चूक झालेली नाही, लिहिणार नाही. घरी आमचे हे म्हणाले, दोन शब्द तर लिहायचेत, लिही आणि मोकळी हो. सासूबाई म्हणाल्या, निवृत्तीला आठ वर्षं राहिली आणि हिला आता ताठा सुचतोय. भाऊ प्रवास करून आला समजवायला, पेन खिशातच घेऊन आलेला! नाही लिहिलं. बडतर्फ केलं. मग मी काय घरात रडत बसले? त्यांच्याच दारासमोर हे दुकान टाकलं. रोज सकाळी मोठे साहेब गाडीतून उतरायचे आणि मी इथून बघायची, टक लावून. ते आधी मान वळवायचे. निवृत्त होईपर्यंत, रोज.

कात्री कुठे गेली — हां. पाय बसला का? नाही बसला. सात महिने गेले होते ना. दोन बोटं आखूड पडला. आईने तो लावून बघितला आणि पोरगी उभी राहिली ती एका बाजूला कलली. मी म्हटलं, उठा, बसा माझ्याबरोबर बसमध्ये. दोघींना घेऊन आजोबांकडे आले. त्यांनी तेच थरथरते हात घेतले, पोटरीपाशी पाय कापला, आत लाकडाचा तुकडा बसवला — तीन दिवस लागले, करवत मी धरत होते, माप ते सांगत होते. चौथ्या दिवशी चालली. अंगणात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. आजोबांनी माझे हात हातात घेतले आणि म्हणाले, “मुली, तू नसतीस तर तो कपाटातच राहिला असता.” 

हो. तसंच म्हणाले.

काय? एवढ्या मालात नेमका कसा सापडला? सांगितलं ना, रजिस्टर होतं. वर्षाअखेरीला मोजदाद होते, एक हमाल माल उचलून नाव पुकारतो आणि एक जण लिहितो. तो म्हणाला, ‘बूट!’ — मी लिहिलं, ‘बूट, एक नग’ —

कोण म्हणालं मी? लिहिणारा जो असेल तो. तुम्हीसुद्धा ना, शब्दात पकडता माणसाला.

बरं, मी. मीच. काय करणार आहात? दिवसभर उभी होते, आठशे वस्तू लिहिल्या होत्या, हमाल ओरडत होता, मी मान वर न करता लिहीत होते. एकच बूट कोण पाठवतं? असा हातभर लांबट गठ्ठा बुटाचा असतो का? एकदा मान वर केली असती तरी कळलं असतं. नाही केली. आणि ते तीन रविवार — तीन रविवार वगैरे काही उपसलं नाही मी. दहा मिनिटं लागली. सरळ त्या कपाटाकडे गेले. कारण एका सोमवारी आजोबा बाकावरून म्हणाले, ‘बुटाची नाडीसुद्धा मी दुहेरी बांधली होती हो’ — आणि बूट म्हटल्याबरोबर माझ्या डोळ्यांपुढे ती ओळ आली. माझ्या अक्षरातली. मग गेले का लगेच? नाही गेले! तीन आठवडे नाही गेले. तीन सोमवार मी त्या म्हाताऱ्याच्या पुढे पेन ठेवलं आणि म्हटलं, आजोबा, करून टाका सही, किती दिवस हेलपाटे घालणार. ज्या तोंडाने करू नका म्हटलं होतं त्याच तोंडाने. त्यांनी सही केली असती तर सगळं मिटलं असतं, पैसे मिळाले असते, कपाट कुणी उघडलं नसतं. त्यांनी नाही केली. चौथ्या रविवारी मला घरात बसवेना, तेव्हा उठले.

चौकशीत ते रजिस्टर टेबलावरच होतं, उघडं. तिघांपैकी एकानेही विचारलं नाही, हे अक्षर कुणाचं. विचारलं असतं तर सांगितलं असतं — नाही, खोटं कशाला बोलू, नसतं सांगितलं. ‘चूक झाली’ लिहून द्या म्हणाले ते, आणि मी म्हटलं, चूक झालेली नाही. पाय नेला ती चूक नव्हतीच! आजही म्हणेन. पुन्हा नेईन. पण ज्या चुकीचं लिहायला हवं होतं ती त्यांना माहीतच नव्हती, आणि मी त्यांच्या तोंडावर ताठ मानेने उभी राहिले, आणि बाहेर लोकांनी टाळ्या वाजवल्या माझ्यासाठी.

आजोबा तसेच गेले. मला आशीर्वाद देऊन गेले. पोरगी आता मोठी झाली आहे, आजोबांच्याच घरात राहते, चामड्याच्या पिशव्या शिवते, दुपारी पार्सलं घेऊन माझ्याकडेच येते. मावशी म्हणते मला. चालते चांगली, पाय आता नव्या धर्तीचा आहे, धावतेसुद्धा. फक्त डावा खांदा जरा वर असतो. सात महिने कुबडी होती ना काखेत, वाढत्या वयात. डॉक्टर म्हणतात, त्याचा काही संबंध नाही. डॉक्टरांना काय माहीत? त्यांनी थोडंच ते रजिस्टर लिहिलं होतं?

तिला? नाही. तिला नाही सांगितलं. आणि असं बघू नका माझ्याकडे — तुम्ही दिवा पाठवायला आलात, माझा हिशेब तपासायला नाही. सांगून काय होणार? खांदा खाली येणार? तिच्या जगात एक मावशी आहे जिने नोकरीवर लाथ मारून तिचा पाय आणला. ती मी काढून घेऊ तिच्याकडून? मला बरं वाटावं म्हणून? त्यापेक्षा मी — मी दर वेळी तिच्या पार्सलांचा एकही पैसा घेत नाही, ती भांडते, तरी घेत नाही, आणि प्रत्येक खोक्यात काय आहे ते उघडून, हातात घेऊन बघते. दर वेळी. ती म्हणते, मावशी, तुझा विश्वास नाही का माझ्यावर? आता काय सांगू तिला? कधी कधी ओठावर येतं. मागच्या आठवड्यात तर मी म्हटलंही, अगं, बस जरा, तुला एक —

फॉर्म घ्या. घ्या म्हटलं ना. विम्याच्या रकान्यात खूण केली आहे, वस्तूचं वर्णन लिहिलंय पूर्ण — ‘काचेचा टांगता दिवा, पितळी साखळीसह, एक’. खिडकी चारला बंद होते. उचला खोका, खालून धरा, खालून!

ये गं, ये. किती घाम आलाय तुला, पंख्याखाली बस. कोण, हे? कुणी नाही गं, हे दादा निघालेच आहेत.