तळ्याकाठची पिशवी

तुम्हाला म्हणून सांगते. आमच्या शारजातल्या बिल्डिंगसमोर तळं आहे, त्यात काही टाकलं की दंड. तरी गणपती उठल्यावर निर्माल्याची पिशवी घेऊन मी सकाळीच निघाले. जाताना मोदकांची पिशवी शेजारच्या शमीमभाभींच्या दाराला अडकवली.

तळ्याशी वाकले, तोच मागून गार्ड. "मॅडम, बॅग में क्या है?"

"खाना है."

"खोलो."

माझ्या डोळ्यांसमोर नवऱ्याचा व्हिसा आला. गाठ काही सुटेना. शेवटी त्यानंच पिशवी उघडली, तर आत मोदक. एक तोंडात टाकून तो निघून गेला.

मी पिशवी उचलून घराकडे वळले. इतक्यात शमीमभाभींचा फोन आला. "वहिनी, या गवताच्या जुड्यांची भाजी करायची की चटणी?"