खोडरबर मेलाच पाहिजे

...आणि परत तेच! अहो, ताटावरून उठलेही नव्हते मी अजून, हात खरकटा, तोंडात घास, आणि आमचा दादा, सख्खा भाऊ हो, चांगला शिकलेला, चार पाहुण्यांच्या देखत विचारतो, "ते सगळं ठीक आहे गं, पण मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" तुम्हाला सांगते, अर्धं आयुष्य गेलं मुलांसाठी लिहिण्यात, केस पिकले, पण लोकांना वाटतं ही अजून बालवर्गातच बसलीय, कधीतरी पास होईल आणि वर सरकेल! मुलांच्या डॉक्टरला विचारता का हो, "मोठी माणसं कधी तपासणार?" नाही ना? मग मीच कुणाचं काय घोडं मारलंय?

बरं, हे झालं घरचं. बाहेर आमचे प्रकाशक! नव्या कादंबरीत एक कुत्रा आहे, खोडरबर त्याचं नाव, भिंतीला अंग घासत चालतो म्हणून... आणि शेवटी शेवटी तो मरतो. म्हातारा होतो आणि मरतो. मरतात हो कुत्री! प्रकाशकांनी चष्मा कपाळावर चढवला. "मॅडम, कुत्रा मारू नका. मुलांना झेपणार नाही. शेवटच्या पानावर शेपूट हलवत परत आणा त्याला, नाहीतर मी छापत नाही." शेपूट हलवत! मेलेला! म्हटलं, "खोडरबर मेलाच पाहिजे. पटत नसेल तर चला माझ्याबरोबर शाळेत!"

कारण माझी एक पद्धत आहे. पुस्तक छापायला जायच्या आधी मी ते वर्गात मोठ्यानं वाचते, आणि मुलांची तोंडं नाही, हात बघते. तोंडं काय, बाईंच्या धाकानं हसरीच असतात. पण कंटाळा आला ना, की मूल खाजवायला लागतं. आधी गुडघा, मग मान, मग शेजारच्याची पाठ! जिथे वर्ग खाजवतो ते पान मी काढून टाकते, मला कितीही आवडलेलं असो. एकदा सूर्यास्ताचं काय सुंदर वर्णन केलं होतं, आणि अख्खा वर्ग माकडांसारखा... जाऊ दे!

तर आम्ही गेलो. दारातच वर्गाच्या बाई, "या या! मोठ्यांसाठी कधी लिहिणार?" गिळला मी राग. प्रकाशकांना बसवलं मुलांच्या बाकावर, गुडघे हनुवटीला! वाचायला लागले. खोडरबर आजारी पडला... कुणी खाजवलं नाही. खोडरबरनं मान टाकली... एकही हात हलेना. आणि मागून सूं सूं! बघते तर आमचे प्रकाशक! रुमाल सापडेना, बाहीला नाक पुसतायत! शेजारची चिमुरडी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणते, "काका, रडू नका, म्हातारा झाला होता ना तो." आणि पुढच्या बाकावरून एक जण, "बाई, खड्डा खोल खणला का? नाहीतर दुसरी कुत्री उकरतात." बघा! हे मला सुचलंच नव्हतं! घरी जाऊन आधी खड्डा खोल केला.

बाहेर पडताना प्रकाशक नाक ओढत म्हणतात, "तरी मी म्हणतच होतो, झेपणार नाही मुलांना!" म्हटलं, "छापताय, की जाऊ दुसरीकडे?"

छापलं हो! खोडरबर मेला तो मेलाच, शेपटीचा केससुद्धा हलू दिला नाही मी त्याचा.

पहिली प्रत दादाला पाठवली. परवा त्याचा फोन. नुसते हुंदके! "कशाला मारलंस गं त्याला?" मीही पदरानं डोळे पुसले, खोटं कशाला बोलू, भाऊ आहे माझा. म्हटलं, चला, याला तरी कळलं... एकाला तरी कळलं! दादानं नाक शिंकरलं, घसा खाकरला, आणि म्हणतो, "बरं, ते असू दे. पण मोठ्यांसाठी कधी लिहिणार?"

लिहीन रे बाबा, लिहीन. कुणी मोठं झालेलं भेटू तर दे!